ओ न देणारा रांजण

एकदा काय झालं, एका रांजणानं ओ दिली नाही.

एवढंच झालं. पण सूलान तिथंच थबकली.

ही सूलान चीन देशातली, बरं का. नदीकाठच्या गावात तिचा सॉसचा मोठा कारखाना. चायनीज भेळेत घालतात ना, काळा, खारट? तोच. सोयाबीन शिजवायचं, मीठ घालायचं, विरजण लावायचं, रांजण भरायचे आणि उन्हात ठेवायचे. रांजणांच्या डोक्यावर बांबूच्या टोप्या. रोज सकाळी सूलान टोप्या उचलायची आणि विचारायची, "उठलात का रे?" मग सगळे रांजण आतून म्हणायचे, बुडूक.

त्या दिवशी सगळ्यात जुना रांजण गप्प राहिला.

"गारठला असेल," लूबाबा म्हणाले. लूबाबा म्हणजे तिचे म्हातारे मुकादम.

दुसऱ्या दिवशी त्याची सगळी रांग गप्प झाली. तिसऱ्या दिवशी अख्खं अंगण गप्प. आणि गप्प रांजणातला सॉस आंबत नाही, नासतो. सूलान घाबरली. तिनं जुन्या रांजणाला कान लावला. तर आतून बारीक आवाज आला, "थंडी वाजते."

भर दुपार होती. रांजण हाताला चटके देत होता. मग थंडी कुणाला वाजत होती?

आता जरा मागे जाऊ. झोपू नका एवढ्यात.

सूलान लहानपणी एकटी होती. आई नाही, बाप नाही, राहायला एक खोपट, त्याला अंगणसुद्धा नाही. शेजारी तांग मावशी सॉस करायची. तिनं सूलानला वाडगाभर विरजण दिलं, एक चिरलेला रांजण दिला आणि म्हणाली, "ठेव माझ्या अंगणात. ऊन काय माझ्या एकटीचं आहे?" मग रोज सकाळी सूलान कुंपणावरून हाक मारायची, "मावशी, ऊन आलं का?" आणि मावशी ओ द्यायची, "आलं गं, ये."

त्या एका रांजणाचे दोन झाले, दोनाचे चार झाले. सूलाननं कावडीतून सॉस विकला, मग गाडीवरून, मग होड्यांमधून. मावशीच्या अंगणासमोरची मोकळी जागा घेतली, तिथे कारखाना काढला. खूप मोठी झाली, आणि मनानं चांगली होती हो. नदीला पूल नव्हता, तिनं पूल बांधला. मुलांना शाळा नव्हती, शाळा बांधली. मग दवाखाना बांधला. लोक तिला 'आई' म्हणू लागले.

आणि चोर येऊ नयेत म्हणून तिनं कारखान्याभोवती उंच भिंत बांधली. सॉसवाले भिंत बांधण्याआधी काय करतात ठाऊक आहे? तेवढ्याच उंचीचा बांबू रोवतात, आणि त्याची सावली रांजणांवर पडते का ते दिवसभर बघतात. सूलाननंही बघितली. आपल्या बाजूनं बघितली. सावली पडत होती पलीकडे.

मावशीनं भिंतीपलीकडून हाकही मारली होती. "सूलान, अगं, जरा इकडे बघतेस का?" पण त्या दिवशी पुलावर ढोल वाजत होते. सूलानला ऐकू आलं नाही, असं लोक म्हणतात. ऐकू आलं होतं. ती म्हणाली, नंतर बघू.

रांजणाची थंडी ऐकून तिला मावशीचं ते विरजण आठवलं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना तेच तर होतं. तिनं शिडी लावली, वर चढली आणि पलीकडे पाहिलं. मावशीच्या अंगणात ओल होती. रांजणांवर शेवाळ चढलं होतं, टोप्या कुजल्या होत्या. कोपऱ्यात उन्हाची एक चिंधी पडली होती, आणि मावशी स्टूल सरकवत सरकवत तिच्यात बसत होती.

सूलानचे कान तापले. मान वर होईना. शिडीवरून खालीसुद्धा उतरवेना, कारण खाली सगळे तिला 'आई' म्हणणारे उभे होते.

मग तिनं लूबाबांबरोबर रेशमी रजई पाठवली. लूबाबा रजई तशीच घेऊन परत आले. "दार लोटलेलं आहे, बाईसाहेब. कुणी ओ देत नाही."

मग ती स्वतः गेली. मागे नोकर, पुढे छत्री. दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, तुमच्यासाठी नदीकाठी नवं घर बांधते." आतून ओ नाही. रस्त्यावरची भाजीवाली मात्र बोलली, "पूल बांधला, शाळा बांधली, दवाखाना बांधला. आता मावशीलाही बांधणार वाटतं." सगळे हसले. सूलाननं छत्री मिटायला लावली आणि खाली बघत घरी आली.

मग तिसऱ्यांदा काय केलं? तिनं पहार घेतली आणि भिंतीवर घातली. लूबाबा म्हणाले, "अहो, माणसं लावतो ना."

"नको बाबा. बांबू मीच रोवला होता."

एक वीट पडली, दुसरी पडली. हाताला फोड आले. गाव बघत होतं, आणि तिला तोंड लपवावंसं वाटत होतं. पण लपायची भिंत तर तीच पाडत होती. शेवटी ऊन पलीकडे पडलं. आधी शेवाळावर, मग टोप्यांवर, मग मावशीच्या दारावर.

सूलान विटांपलीकडे गेली नाही. इकडेच उभी राहिली. तिनं लहानपणीसारखी हाक मारली, "मावशी, ऊन आलं का?"

काहीच नाही.

पुन्हा म्हणाली, "मावशी, ऊन आलं का?"

दार करकरलं.

"आलं गं," आतून आवाज आला. "फार उशिरा आलं. ये."

आणि मागे जुना रांजण म्हणाला, बुडूक.

झालं. मावशीचं अंगण सुकलं, रांजण बोलू लागले, दोघी सुखानं राहिल्या. आता तुम्ही ओ द्या बघू. ऐकताय ना रे?

कुणीच ओ देत नाही. बरं. झोपा तर मग.