भरलेला जांभा

पूर्वी ताम्रवेणी नगरीत राजा चित्रायुध राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या लोहितक गावी कुंभाराच्या कुळात जन्मला. गावाच्या वरच्या अंगाला राजाच्या तांब्याच्या भट्ट्या होत्या. त्यांतून निघालेली धातूची मळी वर्षानुवर्षे तिथेच पडे आणि तिच्यातले विष झिरपून विहिरींत उतरे. पाणी नितळ दिसे, चवीलाही गोड लागे. ते पिणाऱ्यांच्या तळहातांवर आधी काळे ठिपके उठत, मग कातडी जाड होऊन तिला भेगा पडत आणि काही वर्षांत माणूस झिजून मरे. बोधिसत्त्वाची बायकोही तशीच गेली.

भट्ट्यांखालच्या कपारीत राहणारे एक गुराखी कुटुंब मात्र धडधाकट होते. त्यांचा झरा जांभ्या दगडातून पाझरत होता. बोधिसत्त्वाने तो लाल दगड कुटला, बुडाला छिद्रे पाडलेल्या माठांत भरला आणि घरोघर दिला. त्यातून गाळलेले पाणी पिऊन लोक सावरले. ते माठांना फुले वाहू लागले.

दोन वर्षांनी सुमना नावाच्या विधवेच्या मुलीच्या तळहातावर त्याला काळे ठिपके दिसले. त्याने इतर घरे पाहिली. चार घरांत तेच. जांभा विष मारत नाही, फक्त अंगाशी धरून ठेवतो, आणि आता त्यात जागा उरली नाही, हे त्याला उमगले.

तो गावचा प्रमुख वप्पक याच्याकडे गेला. "माठांतला दगड भरला आहे. आजच बदलायला हवा."

"परवा महाराज तुझा सन्मान करायला येताहेत," वप्पक म्हणाला. "ते होऊ दे. मग गुपचूप बदल."

"तोवर मुले तेच पाणी पितील."

"इतके दिवस प्यायलीच ना?"

बोधिसत्त्वाने त्याच दिवशी वडाखाली गाव जमवून सारे सांगितले. सुमनाने विचारले, "म्हणजे माझ्या पोरीला तू विष पाजत होतास?"

"काही महिने, हो. मला आधीच कळायला हवे होते."

लोकांनी माठ फोडले, त्याला दगड मारून वेशीबाहेर घालवले आणि पुन्हा विहिरींवर गेले. पावसात विष परत जमिनीत उतरू नये म्हणून बोधिसत्त्वाने लोकांनी फेकून दिलेला जांभा वेचला आणि उंचावर, चिकणमातीने लिंपलेल्या खड्ड्यात पुरला. मग डोंगरातून नवा दगड आणून वेशीबाहेर माठ मांडले. दोन महिने कोणी आले नाही. गावातून तिरड्या मात्र जात राहिल्या.

एके सकाळी सुमना मुलीला पाठीवर घेऊन आली.

"हाही भरेल ना?"

"भरेल. सहा महिन्यांनी मी बदलीन. मी नसलो तर तू बदल."

मुलगी वाचली नाही. तिला जाळून आल्यावर सुमनाने घागर भरली आणि घरोघर फिरली. अकरा घरांनी तिचे ऐकले. तेवढीच घरे उरली. राजाने भट्ट्या हलवल्या नाहीत.

एका भिक्षूने आपले पाण्याचे गाळणे फाटल्याचे लपवले, तेव्हा बुद्ध झालेल्या शास्त्यांनी संघाला ही पूर्वजन्मीची कथा सांगितली. मग म्हणाले, "भिक्षूंनो, आपले फाटलेले गाळणे लपवून संघाला पाणी देणारा हा भिक्षू तेव्हा वप्पक होता. दारापाशी बसलेली वृद्ध भिक्षुणी सुमना होती. कुंभार मीच होतो. ज्या कामासाठी लोक आपल्याला पूजतात, त्यातला दोष त्यांच्यासमोर उभे राहून सांगणे, ही त्या जन्मीची माझी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्ण साधना."