दिलगिरीची चौकट

हाती अक्षता नकोत, नुसते कान द्या. एक होतं रान. रानाचा राजा तरस, रीतसर निवडून आलेला. विरोधात ससा उभा होता. मतमोजणीच्या आदल्या दिवशी तो राजाकडे जेवायला गेला, तो काही परतला नाही.

त्या रानात ‘दैनिक पळसपान’ निघायचं. सायाळबाई तिथे चाळीस वर्षं बातम्या लिहीत होत्या, अंगावरचाच काटा उपटून. त्यांचा एक नेम होता : रोज आपली एक खरी ओळ छापून आल्याशिवाय तोंडात कंद घालायचा नाही. पाऊस, निधन, हरवले-सापडले, काही ना काही खरं निघायचंच. नेम सुखाने चालला होता.

मग एकदा सरकारी कोठारातली मोहाची फुलं संपली. राजाचे मेहुणे तिथून झुलत बाहेर पडताना साऱ्या रानाने पाहिले. बाईंनी बातमी लिहिली. मालक गवाशेठनी ती काढून तिथे राजाचा वृक्षारोपणाचा फोटो लावला. बाई उपाशी राहिल्या. दुसऱ्या दिवशी निदान तारीख खरी, म्हणून जेवल्या. तिसऱ्या दिवशी राजाने आपला वाढदिवस अलीकडे ओढला, अंकावर तीच तारीख छापायला लावली आणि तारीखही खोटी झाली.

गवाशेठना कणव आली. म्हणाले, “बाई, हे उपास आता वयाला झेपतात का? शेवटच्या पानावरची दिलगिरीची चौकट तुम्ही घ्या. ती कोण वाचतं?”

बाईंनी काटा उपटला. “राजेसाहेबांच्या मेहुण्यांनी कोठारातली फुलं खाल्ल्याची बातमी मागच्या एका अंकात अनवधानाने राहून गेली. दिलगीर आहोत.”

मग रोज एक दिलगिरी. पंधरवड्यात सारं रान अंक मागून उघडू लागलं. माकडं तर फांदीवर बसून मोठ्याने वाचायची, ऐकायला हरणं जमायची.

राजाने बोलावणं धाडलं. “आमच्याबद्दल चांगलं काही दिसतच नाही का हो तुम्हाला?”

“दिसलं की छापते, महाराज,” बाई हळूच म्हणाल्या. “नेमच आहे.”

संध्याकाळी फर्मान आलं, पहिल्या पानावर ठळक छापण्यासाठी : ‘यापुढे या राज्यात कोणीही, कशाबद्दलही दिलगीर असणार नाही.’

आता बाई उपाशी मरणार, म्हणून गवाशेठ हळहळले. बाईंनी मात्र फर्मान स्वतःच्या हाताने उतरवून काढलं, काना-मात्रा तपासली. अंक छापून आला, तेव्हा दोनदा वाचलं. मग देवाला हात जोडले आणि शांतपणे कंद सोलायला घेतला.

ओळ खरी होती.