महिपतीनं मैना सांभाळली

घाटाखालच्या हिंगणवाडीत महिपती नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती, तर कुणी त्याला "जरा थांब, आलोच" म्हणून गेलं, तर ते येईपर्यंत महिपती जागचा हलायचा नाही. एकदा तो असा बाजारात मंगळवारी थांबला आणि घरी बुधवारी आला.

गावच्या डेअरीत तो दुधाच्या किटल्या धुवायचा. कामात खोट नव्हती. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. अडचण काय ती तेवढीच होती.

वय एकतीस झालं तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. मग सोनवडीच्या प्रमिलाचं स्थळ आलं. प्रमिला तिथल्या अंगणवाडीत शिकवायची. बघण्याच्या कार्यक्रमात तिनं विचारलं, "तुम्हाला राग येतो का?"

महिपतीनं बराच विचार केला. मग म्हणाला, "कधी यायला पाहिजे?"

प्रमिला आत गेली आणि पदर तोंडाला लावून पोटभर हसली. आईला म्हणाली, "हा चालेल."

तिच्या वडिलांना मात्र तेवढ्यावर चालणार नव्हतं. आबा लोखंडे एसटीच्या डेपोत तीस वर्षं फिटर होते. ते म्हणाले, "तोंडानं कुणीही चांगलं बोलतो. माणूस मशीनपाशी कळतो. तुम्ही एक गाडी घ्या. आठ दिवस सांभाळून दाखवा. मग मुलगी द्यायची का नाही ते सांगतो."

"कोणती घेऊ?" महिपतीनं विचारलं.

आबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. मग हळूच म्हणाले, "मैना घ्या."

महिपतीला प्रमिला फार आवडली होती. तो दुसऱ्याच सोमवारी तालुक्याला गेला आणि मैना घेतली.

दुकानदार हौशी होता. त्यानं आधी या मोटारसायकलचा इतिहास सांगितला. मैना पहिल्यांदा निघाली बासष्ट साली. तेव्हा पोस्टमन, तलाठी आणि गुरांचे डॉक्टर हिच्यावरून फिरायचे. शहाऐंशीला कारखाना बंद पडला. आता मालकाच्या नातवानं तो पुन्हा सुरू केला होता. रूप तेच ठेवलं होतं. गोल दिवा, थेंबासारखी टाकी, टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकवायला रबर, तारांची चाकं. आवाजसुद्धा तोच, दुग दुग दुग. इंजिन तेवढं नवं, दीडशे सीसीचं. बटण दाबलं की चालू. किकही ठेवली होती, जुन्या लोकांच्या समाधानासाठी.

"हिला साठ वर्षांचा इतिहास आहे," दुकानदार म्हणाला. "मानानं वागवा."

"बरं," महिपती म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं. ध्यानात ठेवायला तो पक्का होता.

अकरा वाजता आबांच्या दारात नव्या गाडीची पूजा ठरली होती. महिपती नऊ वाजून दहा मिनिटांनी निघाला. तालुक्याच्या वेशीबाहेर घाट लागला. घाट सुरू होताच तो खाली उतरला आणि गाडी ढकलू लागला. पहिल्या वळणावर शर्ट भिजला. तिसऱ्या वळणावर चप्पल तुटली.

मागून सर्जेराव आपला दुधाचा टेम्पो घेऊन आला. तो थांबला. "काय रे महिपती, पेट्रोल संपलं?"

"नाही. टाकी भरलेली आहे."

"मग बिघडली?"

"नाही. साठ वर्षांची आहे. आणि चढ आहे."

सर्जेरावानं टेम्पो बंद केला. हे त्याला बसून ऐकायचं होतं. सगळं ऐकून तो म्हणाला, "अरे बाबा, साठ वर्षं त्या नावाला झाली. ही गाडी आज सकाळची आहे. आता पुढं कुठंही अडलं तर उतरायचं नाही. बसल्या जागी रेस द्यायची. चांगली पिळून."

"बरं. ध्यानात ठेवतो."

घाटमाथ्यावर सोमवारचा बाजार भरला होता. रस्त्याच्या मधोमध एक म्हैस उभी होती. महिपतीचं अडलं. तो उतरला नाही. त्यानं बसल्या जागी रेस दिली, चांगली पिळून.

त्या म्हशीनं आयुष्यात मैनेचा आवाज ऐकला नव्हता. ती शेपटी वर करून निघाली ती कोंडाबाईच्या टोमॅटोतून पलीकडं गेली. नंतर बघायला परतही आली. तीही टोमॅटोतूनच.

कोंडाबाई कमरेला पदर खोचून उभी राहिली. "मुडद्या, समोर जनावर दिसत नाही तुला?"

"दिसलं. म्हणून तर रेस दिली."

"रेस देतोय. समोर कुणी आलं की गाडी बंद करायची. आणि ते आपणहून बाजूला होईपर्यंत गप उभं राहायचं. कळलं का?"

"कळलं. ध्यानात ठेवतो."

सोनवडीच्या अलीकडं ओढ्यावरची मोरी खचली होती. अंधारात कुणी खड्ड्यात पडू नये म्हणून ज्ञानू शेतकऱ्यानं तिथं आपल्या रानातलं बुजगावणं आणून रोवलं होतं. पांढरा सदरा, डोक्याच्या जागी मडकं, मडक्यावर चुन्यानं काढलेले डोळे. बाजूनं जायला गाडीवाट होती.

महिपतीनं समोर कुणीतरी उभं बघितलं. गाडी बंद केली. गप उभा राहिला. दहा मिनिटांनी त्यानं हसून बघितलं. अर्ध्या तासानं "रामराम" घातला. समोरून काही उत्तर आलं नाही. महिपतीला वाईट वाटलं नाही. मोठी माणसं कधी कधी कामात असतात.

एक तास चाळीस मिनिटांनी ज्ञानू बांधावरून खाली आला.

"कुणाची वाट बघताय पाव्हणं?"

"ह्यांची," महिपती बोट दाखवून म्हणाला. "बाजूला झाले की जातो."

ज्ञानूनं एकदा बुजगावण्याकडं बघितलं, एकदा महिपतीकडं. दोघांत फरक काय तो त्याला पटकन सांगता आला नसता. तो शांतपणे म्हणाला, "जे हलत नाही त्याला वळसा घालायचा, आणि सरळ निघून जायचं. मागं वळून बघायचं नाही."

"बरं. ध्यानात ठेवतो."

इकडं सोनवडीत आबा अकरापासून दारात उभे होते. शेजारी गोदाकाकू, म्हणजे प्रमिलाची आई, हळदीकुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन. सव्वा वाजता लांबून आवाज आला, दुग दुग दुग. आबांचा चेहरा क्षणभर निवळला. मग त्यांना घड्याळ आठवलं. ते हाताची घडी घालून, जबडा आवळून अंगणाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. हलले नाहीत.

महिपती अंगणात आला. त्यानं बघितलं, आबा हलत नाहीत. त्यानं आबांना वळसा घातला आणि सरळ निघून गेला. मागं वळून बघितलं नाही.

धूळ खाली बसली. गोदाकाकू म्हणाल्या, "प्रदक्षिणा घातली वाटतं. संस्कार चांगले आहेत."



प्रमिलानं आपली स्कूटी काढली आणि पुढच्या गावाच्या पाराजवळ महिपतीला गाठलं.

"अहो, निघालात कुठं?"

"माहीत नाही," महिपती म्हणाला. "निघून जायचं म्हणाला. कुठं ते सांगितलं नाही."

"कोण म्हणाला?"

महिपतीनं टेम्पो, टोमॅटो आणि मडकं असं सगळं क्रमानं सांगितलं. प्रमिला पाराला टेकून हसली. मग तिनं डोळे पुसले आणि अंगणवाडीतल्या आवाजात म्हणाली, "आता नीट ऐका. आबांनी नाही म्हटलं तर आपलं लग्न होणार नाही. तुम्हाला चालेल?"

"नाही चालणार," महिपती लगेच म्हणाला.

"मग आता टेम्पोवाल्याचं ऐकायचं नाही, भाजीवालीचं नाही, शेतकऱ्याचं नाही. फक्त आबांचं ऐकायचं. ते सांगतील तसंच करायचं, एक अक्षर न गाळता."

"बरं. ध्यानात ठेवतो."

दोघं परत आले. आबा रागावायच्या तयारीत बसले होते. पण मैना अंगणात उभी राहिली आणि त्यांचा राग कुठं गेला ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी गोल दिव्यावरून हात फिरवला. टाकीच्या रबराला अंगठा लावून बघितला. काकूंनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मग आबा पायरीवर बसून सांगू लागले.

"माझी मैना चौऱ्याऐंशीची. पहिल्याच महिन्यात देवळाच्या ओवरीला धडकलो. टाकीला डाव्या अंगाला पोचा आला, वाटीएवढा. पण काय शोभायचा तिला. सीट उंदरांनी खाल्ली, तर त्यावर मी गोणपाट शिवलं. दिव्याची काच तडकली, ती ट्यूबच्या पट्टीनं बांधली. एकदा किक उलटी आली, ही बघा नडगीला खूण." त्यांनी धोतर वर करून खूण दाखवली. "पुढं एसटीत लागलो. पास मिळाला. गाडी नुसती उभी राहायला लागली. शेवटी एका कंपाउंडरला दिली आणि बदल्यात शेळी घेतली. पण तशी गाडी पुन्हा बघितली नाही."

ते उठले आणि महिपतीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "महिपतराव, दुसरं काही नको. माझ्या मैनेसारखी ठेवा. अगदी तशीच. पुढच्या मंगळवारी या."

प्रमिला महिपतीकडं बघून हसली. महिपतीनं मान हलवली. तो एक अक्षर गाळणार नव्हता.

मंगळवारी अकराच्या ठोक्याला महिपती आला. यावेळी उशीर नव्हता. तो लंगडत चालत आला. त्याच्या हातात दोरी होती. दोरीला एक शेळी होती.

आबांनी त्याच्या मागं रस्त्याच्या टोकापर्यंत बघितलं.

"गाडी कुठं आहे?"

"ही," महिपती म्हणाला.

शेळीनं काकूंच्या तुळशीकडं मान लांब केली.

"महिपतराव, मी गाडीचं विचारतोय."

"आबा, बुधवारी पोचा पाडला. ओवरीला धडकवून बघितली, पण पोचा ताटलीएवढा आला. मग आतून ठोकून वाटीएवढा केला. त्यात गुरुवार गेला. उंदरांना सीट आवडेना, तेव्हा शेंगदाण्याचं तेल लावलं. मग खाल्ली. गोणपाट आईनं शिवलं. काच तडकवली, पट्टी बांधली. किक काही केल्या उलटी येईना. नवी आहे ना. शेवटी नडगीवर पान्ह्यानं मारून घेतलं." त्यानं पॅंट वर करून खूण दाखवली. खूण अगदी जागेवर होती. "रविवारी कंपाउंडर शोधला. तो गाडी घ्यायला लगेच तयार झाला, पण त्याच्याकडं शेळी नव्हती. त्याला शेळी घ्यायला लावली, म्हणून कालचा दिवस मोडला. नाहीतर कालच मोकळा होतो."

आबा मटकन पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी शेळीकडं बघितलं. मग म्हणाले, "प्रमिला, हे लग्न होणार नाही."

महिपतीचा चेहरा उतरला. त्यानं मनातल्या मनात सगळं पुन्हा मोजून बघितलं. काहीच गाळलेलं नव्हतं.

प्रमिलाला हसू आवरत नव्हतं, पण आता हसून भागणार नव्हतं. ती पुढं झाली. "आबा, 'अगदी तशीच' असं कोण म्हणालं होतं?"

"मी म्हणालो. म्हणून काय गाडीला—"

"तुमच्या तोंडचा एक शब्द त्यांनी खाली पडू दिला नाही. स्वतःची नडगी फोडून घेतली. असा जावई तुम्हाला शोधून सापडेल?"

तीस वर्षं डेपोत आबांचं कुणी शब्दशः ऐकलं नव्हतं. घरातही नाही.

"आणि गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत," प्रमिला म्हणाली. "शेळी आणल्यावर पुढं काय केलंत?"

"पुढं काय करणार. त्याच महिन्यात लग्न केलं."

प्रमिला महिपतीकडं वळली. "ऐकलंत? आता तसंच करायचं."

"बरं," महिपती म्हणाला. त्याचा चेहरा पुन्हा उजळला. "ध्यानात ठेवतो."

आबांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. त्याच महिन्याच्या सव्वीस तारखेला शाळेच्या पटांगणात मांडव पडला. दोन्ही गावं लोटली. सर्जेराव आला, ज्ञानू आला, कोंडाबाईनं जेवणाचे टोमॅटो दिले. महिपतीनं मुंडावळ्या नीट बांधल्या होत्या. एकदाही कुठं चुकला नाही. सगळ्यांना बरं वाटलं.

मंगलाष्टकं झाली. वाजंत्री वाजली. अंतरपाट खाली आला. प्रमिलानं महिपतीच्या गळ्यात हार घातला आणि मान खाली घालून उभी राहिली. तिच्या मागं गोदाकाकू पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

महिपतीनं हार दोन्ही हातांत धरला. दोन पावलं पुढं गेला. आणि गोदाकाकूंच्या गळ्यात घातला.

वाजंत्री आपोआप थांबली. काकूंच्या हातातला तांब्या खाली पडला आणि घरंगळत भटजींच्या पायाशी गेला.

प्रमिलानं शांतपणे आईच्या गळ्यातला हार काढला, स्वतःच्या गळ्यात घातला आणि भटजींना म्हणाली, "पुढचं चालू द्या."

महिपती गोंधळला. तो आबांकडं सरकला आणि हळूच त्यांच्या कानाशी म्हणाला, "पण आबा, तुम्ही तर काकूंशीच केलं होतं ना?"