खरकट्या हाताचा पाहुणा

धामणखेडच्या बाजारपेठेत जेवायला आलात तर भरितासाठी कोपऱ्यावरच्या महाजनांकडे जा, शेवभाजी हवी असेल तर त्यांच्या समोर, आणि मटणाच्या रश्श्याला बैलबाजाराच्या तोंडाशी. कुठेही बसा, एक गोष्ट सारखीच दिसेल. हात धुवायची जागा आत नाही. ती उंबऱ्याबाहेर, पायरीवर. आणि पाणी मालक स्वतः घालतो. बाहेरगावच्या एका हौशी गृहस्थाने आत चांगलं पांढरंशुभ्र बेसिन बसवलं होतं. रस्सा त्याचा झकास होता, पण गावातलं माणूस काही फिरकलं नाही. आता तिथे खताचं दुकान आहे.

याचं मूळ गोजरबाईच्या खाणावळीत आहे, असं जुनी माणसं सांगतात.

ते दिवस पेंढाऱ्यांचे होते. बाजाराला येणाऱ्या गावागावांत वैरं होती, तरी गोजरबाईच्या पंगतीत हाडवैरी मांडीला मांडी लावून जेवायचे. तिचा शब्दच तसा होता: जोवर हात खरकटा, तोवर माझा पाहुणा, त्याला कुणी बोट लावायचं नाही. सारा बाजार म्हणे त्या शब्दावर उभा होता. धंदा करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एका बाजाराच्या दिवशी पेंढारी बैलबाजारावर तुटून पडले. गोजरबाईचा नवरा निंबा वांगी आणायला गेला होता. एका स्वाराने त्याच्या मानेवर तलवार घातली. तो वांग्यांच्या पाटीवरच कोसळला. टोळी लूट घेऊन पळाली, पण त्याच स्वाराचं घोडं अडखळून पडलं. त्याने रक्ताची बंडी फेकली, बोळातून धावत सुटला आणि गोजरबाईच्या खाणावळीत शिरला. तिथे भेदरलेली माणसं दाटीवाटीने बसली होती. गोजरबाई त्यांना धीर देत भाकरी वाढत होती. मान वर न करता तिने त्यालाही वाढलं.

तो अर्धी भाकर जेवला असेल नसेल, तोच तिचा दीर झिपरू कोयता घेऊन दारात आला. मागे गाव, आणि चौघांनी उचलून आणलेला निंबा.

"वहिनी, दादाला कापणारा तुझ्या पंगतीत बसलाय. बाजूला हो."

गोजरबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या परक्या माणसाकडे. त्याच्या बोटांना भरीत लागलेलं होतं. चुलीतलं लाकूड त्याच्या तोंडात कोंबावं असं तिला वाटलं. पण सगळी पंगत घास हातात धरून तिच्याकडे बघत होती.

"त्याचा हात खरकटा आहे, भाऊजी."

"डोकं फिरलंय तुझं. दादा आहे हा."

"दिसतंय मला."

झिपरू आत घुसला. तिने जळतं लाकूड ओढून त्याच्या गालावर हाणलं. कातडी जळल्याचा वास पंगतभर पसरला. त्याच्यामागून घुसलेल्या दुसऱ्याचं मनगट मोडलं. कुणाचा तरी कोयता तिच्या खांद्यात रुतला, पदरावरून रक्त उंबऱ्यावर गळू लागलं, तरी तिने दार सोडलं नाही. शेवटी माणसंच मागे सरली. निंबाच्या बायकोला कापायला कुणाचा हात धजेना.

मग ती भाकर घेऊन त्या माणसापुढे उभी राहिली.

"अजून वाढू?"

गावंच्या गावं जाळलेला माणूस तो. हातातला घास त्याने पानात परत ठेवला.

"बाई, हे घर कुणाचं?"

"बाहेर निजवलाय त्याचं."

तो तसाच बसून राहता, तर जगता. अंधार पडला असता, टोळी परतली असती. पण तो उठला, उंबरा ओलांडून पायरीवर उकिडवा बसला आणि त्याने हात पुढे केला.

"पाणी घाला."

गोजरबाईने तांब्या आणला. बोटांच्या बेचक्यांतलं भरीत निघेतोवर सावकाश पाणी घातलं, आणि ती बाजूला झाली. झिपरूचा पहिला घाव त्या ओल्या हातावरच पडला. बाकीचे कुणी मोजले नाहीत.

पुढे कुणीसं तिला विचारलं, त्या वेळी काय वाटलं. ती म्हणाली, "तोंडाकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं, तर बोटाला थोडं भरीत राहू दिलं असतं."

आजही धामणखेडात गिऱ्हाईक पायरीवर वाकलं की मालक पाणी घालतो, जेवण कसं झालं ते आपुलकीने विचारतो. नजर मात्र हातावरून वर नेत नाही.