बाई बदला!

अंतराळयानातली खुर्ची सहा फुटी पुरुषांच्या मापाने केली होती. अंतराळवीर रेवती दळवी तीन वर्षं घाम गाळून सगळ्या चाचण्यांत पहिली आली, पण त्या खुर्चीत तिचे पाय काही खाली टेकेनात. संचालक टिपणीस भर बैठकीत गरजले, "यान बदलायचं नाही. बाई बदला!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. रेवती खाली पडलेलं पेन उचलायला टेबलाखाली वाकली आणि हसतच वर आली.

"साहेब, तुमचीही खुर्ची उंचच झाली होती ना? तुमचे पाय टेकेनात, तेव्हा संस्थेने टेबलाखाली पाट ठेवला. संचालक नाही बदलला."

टिपणीसांनी घाईघाईने पाटावरचे पाय उचलले, तर ते अधांतरी लोंबकळू लागले.

"हिची मापं घ्या," ते तसेच पुटपुटले.