साळुंकीने विचारलेला प्रश्न

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा पाखरांच्या पिल्लांनाही शाळेत जावं लागे. उंबराच्या झाडावर मोठ्या चोचीच्या धनेश गुरुजींची शाळा भरे, आणि घरट्यांत उंदीर शिरू नयेत म्हणून त्यांनी खाली एका धामणीला पहाऱ्यावर ठेवलं होतं.

एके दिवशी रेवी नावाची लहान साळुंकी वर्गात उभी राहिली. "गुरुजी, धामणआजी आल्यापासून घरट्यांतली अंडी नाहीशी होतायत. त्या वर कशाला चढतात?"

शेजारची पिल्लं तिच्यापासून सरकून बसली. गुरुजींनी डोळे बारीक केले. "हे तुला कुणी पढवलं? राघूने कावळ्याच्या आवाजाची टिंगल केली, तेव्हा त्यालाही मी गप्प बसवलं होतं. इथे कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही."

रेवी तशीच उभी राहिली. "राघू नुसता कावळ्याला दुखवायला बोलला होता, गुरुजी. मी विचारतेय. खोटं निघालं तर आजींची माफी मागेन, पण आधी बघून तर या."

खालून धामण गोड आवाजात म्हणाली, "लेकरू आहे, जाऊ द्या. पण अशांना बोलूच देऊ नये."

गुरुजी तिच्याकडे पाहतच राहिले. तिचं पोट मध्येच फुगलं होतं. ते उडाले आणि एकेक घरटं पाहू लागले. बरीचशी रिकामी होती. ते परतले तेव्हा धामण पसार झाली होती.

"रेवी," मान खाली घालून ते म्हणाले, "संशय मीही घेतला, पण विचारणारीवर घेतला."