पाझरणारा माठ

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंचे अंगण शेणाने सारवत होती. चैत्रातली साधीच सकाळ होती. इतक्यात कोतवालाची दवंडी ऐकू आली, "यंदा जत्रेची पाणपोई व्यापाऱ्याच्या झिलईदार रांजणांवर चालंल हो! कुंभारांचे माठ पाझरतात, त्यांना बंदी हो!"

तिचा हात थांबला. ती कुंभाराची मुलगी. जत्रेतल्या माठांवर अवघ्या कुंभारआळीची वर्षाची बेगमी होत असे. वडील पौषात गेले. त्यांच्या हातचे दोनच माठ घरात उरले होते. ते गेले तेव्हा तिने सगळ्या आळीला धीर दिला होता. स्वतः मात्र टिपूस गाळले नव्हते.

गुरू वृद्ध होते. लोखंड का गंजते, आरशात डावा हात उजवा का दिसतो, असल्या शंका घेऊन गाव त्यांच्याकडे येई. ते तोंडाने उत्तर देत नसत. उत्तर समोर उभे करायचे, हा त्यांचा शिरस्ता.

ती त्यांना म्हणाली, "गुरुजी, आमचे माठ पाझरतात हे खरंच आहे. खोटं कसं बोलू?"

"खोटं बोलायला सांगतंय कोण? तुझ्या बापाचे दोन्ही माठ घेऊन ये. आणि वाटीभर जवसाचं तेल, थोडं मेण."

तिने सगळे आणले. गुरूंनी तेल तापवले, त्यात मेण विरघळवले आणि एका माठाकडे बोट दाखवले. "हा बाहेरून पार माखून टाक."

"गुरुजी, मग हा कामाचा राहणार नाही."

"माख."

तिने माखला. आपण हे का करतो आहोत, ते तिला उमगत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाटील आणि गावकऱ्यांसमोर, दोन्ही माठ आणि व्यापाऱ्याचा एक रांजण चावडीच्या सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी मांडले. तिन्हींत एकाच विहिरीचे पाणी भरले. तेलकट माठ पाहून व्यापारी म्हणाला, "म्हातारबाबा, माठाला अभ्यंगस्नान? थोडं उटणंही लावायचं होतं!" लोक हसले. तिची मान खाली गेली.

ऊन कलल्यावर पाटलांनी पाणी चाखले. रांजणातले कोमट. तेल लावलेल्या माठातलेही कोमट. तिसऱ्याचे त्यांनी एका दमात संपवले, मिशा पुसल्या आणि तांब्या पुढे केला. "पोरी, आणखी घाल."

"पण पाटील, तो गळका आहे!" व्यापारी ओरडला. "बुडाशी बघा, जमीन ओली झालीय!"

"पाझरतो," ती एकदम म्हणाली. मान आता वर होती. "पाझरतो म्हणूनच गार आहे. दोन्ही माझ्या वडिलांच्या हातचे, एकाच आव्यात भाजलेले. याची छिद्रं मी बुजवली, बघा काय झालं ते."

गुरू उठले. "अंगावर आलेलं पाणी वाऱ्यावर उडतं, तेव्हा माठातली उष्णता घेऊन जातं. थोडं जातं म्हणून उरलेलं निवतं. छिद्रं बुजवली की थेंबही वाया जात नाही आणि आतलं तापलेलंच राहतं." हे बोलताना ते पाटलांकडे पाहत नव्हते, तिच्याकडे पाहत होते.

पाटलांनी तिथेच कोतवालाला हाक मारली. सांजेला दुसरी दवंडी फिरली. कुंभारआळी हलगी वाजवत, माठ डोक्यावर घेऊन जत्रेच्या माळावर निघाली. सर्वांत पुढे ती होती, वडिलांचा माठ डोक्यावर घेऊन. माठ पाझरत होता. तिचे डोळेही वाहत होते आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. त्या जत्रेत पाणपोईपुढची रांग दिवसभर हटली नाही.

जत्रा उलगल्यावर गुरू म्हणाले, "तो माखलेला माठ परत आव्यात घाल. मेण जळेल, छिद्रं मोकळी होतील."

"आणि तडकला तर?"

गुरूंनी तो माठ तिच्याच हाती दिला.

पुढे तिने पुष्कळ आवे लावले. तेवढा एक माठ आव्यात घालायचा राहिला.